रेवडी द्यायची की नाही

नांदगाव खंडेश्वर
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

प्राजक्ता,

जय भीम घे. तब्येत-पाणी मागून विचारीन. आधी हे आयक की रेवडी जिवंत आहे अन् माह्या गोठ्यात उभी आहे.

हो, तुहीच घोडी. आता हे पत्र खाली ठेव, घोटभर पाणी पी, मंग पुढचं वाच.

पेली का? तर सांगते. सहा वर्षांपूर्वी तुह्या बापानं तुले सांगितलं की रेवडी विकली, येवल्याकडचा व्यापारी घेऊन गेला. तसा कोणी व्यापारी नव्हता. देवराव घोडीले पिकअपमध्ये घालून अमरावतीहून थेट माह्या दारात आला अन् म्हणाला, 'मनू, हिले ठेव. पोरीले सांगू नोको.' मी विचारलं, काहून? तो नुसता दोरी सोडत राहिला. मी घोडी ठेवून घेतली. एकच भाऊ आहे मले, अन् तोही असा.

तवापासून ती इथं आहे. तू तिले विकलेली समजत राहिली, अन् मी तुही सख्खी आत्या, तुले तसं समजू देत राहिली. तुह्या खोलीवरची ज्योत्स्ना मले एकदा अकोल्याच्या बसस्टँडवर भेटली. तिनं सांगितलं की तू दोनदा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन आली. तीन-तीन दिवस हिंडली, हर करड्या घोडीच्या जवळ जाऊन पाहिलं, लोकं हसले तरी पाहिलं. त्या दिवशी मी जेवली नाही. पण तुले फोनही केला नाही. मी उपाशी राहून तुह्यावर कोणते उपकार केले, सांग बरं?

आणखी एक आहे. तुही माय, माही इंदू वहिनी, गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होती. तवापासून दिवाळीची सुट्टी लागली की तू माह्याकडं. घोडी आली त्या वर्षी तुहा फोन आला, 'आत्या, येऊ का?' मी म्हटलं, घराले रंग देऊन राहिली बाई, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी कोरोना होता, बहाणा शोधावा लागला नाही. तिसऱ्या वर्षी तू विचारलंच नाही. भाचीनं मले टाकलं म्हणून मी लोकायले सांगत फिरते, पण तुले दारातून परतवणारी मीच. घराले रंग अजून दिला नाही.

तू म्हणशील, वरातीमागून घोडं! आता काहून सांगून राहिली? कारण रेवडीले मागणं आलं आहे. लग्नाचं नाही, स्पर्धेचं.

तुह्या अमरावतीच्या रायडिंग क्लबचे ओमप्रकाश सर मागच्या महिन्यात इकडं कोणाचं वावर पाहाले आले होते. रेवडी धुऱ्यावर, बांधाच्या गवतात चरत होती. त्यायनं गाडी उलटी घेतली, खाली उतरले अन् मले म्हणाले, 'बाई, ही खंडारेंची रेवडी तर नाही?' खोटं बोलायची मले सवय झाली आहे, पण त्या वेळी तोंडातून हो निघून गेलं. क्लबची दोन लेकरं, प्रणाली अन् विपुल, राज्याच्या स्पर्धेत निवडले गेले. जानेवारीच्या शेवटी नागपूरले आहे. दोघं ज्या घोड्यावर खेळत होते त्याच्या पुढच्या पायाची नस दुखावली, तीन महिने आराम. सर म्हणतात, रेवडी सहा आठवड्यांपुरती द्या. ती आता चौदा वर्षांची, या सालात खेळली तर खेळली.

पण द्यायचं माह्या हातात नाही. घोडीलेही पासपोर्ट असते, हे मले आत्ता समजलं. मले स्वतःले तर नाही. रेवडीच्या पासपोर्टवर मालक म्हणून तुहं नाव आहे, प्राजक्ता देवराव खंडारे. तवा तू सतरा वर्षांची होती, बापाची सही चालून जायची. आता तुहीच लागते. फॉर्म सोबत जोडला आहे. वीस डिसेंबर शेवटची तारीख. हो म्हण की नाही म्हण. शिव्या द्यायच्या असतील तर फॉर्मच्या मागच्या बाजूले लिही, जागा भरपूर आहे.

फोन तू उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर माहा मेसेज दोन वर्षांपासून एका टिकवर उभा आहे. म्हणून हे रजिस्टर्ड पत्र. अन् बोलते तशीच लिहून राहिली, हसू नोको. पस्तीस वर्षं नर्सबाई होती, शुद्ध भाषेत रिपोर्ट लिहून लिहून बोटं झिजली. आता पेन्शन आहे, आता मनासारखं लिहीन.

तुही आत्या,
मनकर्णा


नांदगाव खंडेश्वर
गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४

प्राजक्ता,

पोचपावती आली. तुही सही पाहिली, 'प्रा' अजून तसाच लांबलचक काढते. म्हणजे पत्र मिळालं, अन् हातही चालते. मंग त्या फॉर्मनं तुहं काय घोडं मारलं?

बरं, राग आला असल. येऊ दे, तो मी परत मागत नाही. पण घोडीबद्दल सारं सांगितल्याशिवाय तुले ठरवता यायचं नाही, म्हणून लिहून राहिली.

आधी माही चूक. दोन वर्षांपूर्वी ऐन डवरणीच्या दिवसांत माहा एक बैल मेला. सोयाबीनमध्ये गवत गुडघ्याएवढं. बंडू म्हणाला, 'नर्सबाई, हे रिकामी खाऊन राहिली. हिलेच जुंपू.' बंडू माहा सालदार, पंचावन्न वर्षांचा बाप्या, त्याले अक्कल नाही म्हणावं तर मले कुठं होती? मी हो म्हटलं. तुह्या रेवडीनं, चार कप जिंकलेल्या घोडीनं, तोंडाले मुसकं बांधून चार एकर सोयाबीन डवरलं. एक रोप तुडवलं नाही बाप्पा! बैलापेक्षा नीट चालली. पण ओळीच्या शेवटी वळताना ती थांबायची अन् माह्याकडं पाहायची, तेव्हा मी दुसरीकडं पाहायची.

देवरावनं ते पाहिलं तर महिनाभर माह्याशी बोलला नाही. हो, देवराव. तो दर रविवारी येते. हेही तुले माहीत नाही. अमरावतीहून पहिली बस पकडते, पिशवीत भिजवलेला हरभरा. आल्यावर मले हूं की चूं नाही, सीधा गोठ्यात. खरारा करते, खूर उचलून पाहते, दात पाहते. जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झाला, पण मलमपट्टीवाला ड्रेसर तो ड्रेसरच. तिच्यापाशी बसून काय काय बोलते ते मी आयकलं नाही. मी गेली की चूप होते. सहा वर्षांत त्यानं तिच्यावर कोणाले बसू दिलं नाही. खोगीर माळ्यावर पडलं आहे.

म्हणून पोट्ट्यायले मी शनिवारी बोलावलं. विपुल सतरा वर्षांचा, तोंड सुरू झालं की बंद होत नाही, आल्या आल्या घोडीचे वीस फोटो काढले. प्रणाली सोळाची, सडपातळ, एक वेणी. तिचा बाप वरूडले संत्र्याच्या पॅकिंगवर कामाले आहे. पिशवीभर संत्री घेऊन आली. मले वाटलं, आता टुण्णकन उडी मारून बसते. नाही बसली. रेवडीपासून दोन हात दूर उभी राहिली अन् मले विचारलं, 'आजी, हिले कुठं हात लावलेला आवडत नाही?'

मले सांगता आलं नाही. सहा वर्षं चारापाणी केलं, पण हा प्रश्न मले कधी सुचला नाही. मी म्हटलं, 'ज्या पोरीची घोडी आहे, तिले विचारून सांगते.' तर विचारून राहिली. सांगशील?

त्यायनं क्लबचं खोगीर आणलं होतं. खळ्यावर प्रणालीनं तिले आधी चालवलं, मंग दुडक्या चालीनं दोन फेऱ्या. बंडूनं गंमत म्हणून जमिनीपासून दोन फुटांवर बांबू धरला. रेवडीनं कान पुढं केले अन् पलीकडं! मले तिचे पाय उचललेले दिसलेच नाही. बंडू बांबू हातात धरून तसाच उभा. म्हणाला, 'बाई, हिनं तर आपल्याले सहा वर्षं उल्लू बनवलं.'

मले द्यायची आहे का, विचारशील. खरं सांगू? मले भेव वाटते. माणसाच्या मोडक्या पायाले प्लास्टर आहे, घोड्याच्या मोडक्या पायाले काय आहे ते तुले माहीत आहे. अन् ती गेली तर सहा आठवडे मी सकाळी उठून कोणाशी भांडू? बंडू तर उलटून बोलते. पण त्या दिवशी ती खळ्यावर पळाली ना, पोरी, माह्या डोळ्याले पाणी आलं. आपण हिचा हक्क मारून बसलो असं वाटलं. माहं मत द्यायची, असं आहे.

देवरावले रविवारी सांगितलं. तो म्हणाला, 'नाही द्यायची.' काहून, ते सांगत नाही. तुही सही त्याच्या विरोधात जाईन, हे माहीत असू दे.

आत्या


नांदगाव खंडेश्वर
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

प्राजक्ता,

तुहा कागद नाही. ठीक आहे. मी तीन लिहीन, तेरा लिहीन, हात माहा आहे अन् पेन्शनही माही आहे.

काल जे झालं ते तुले सांगणं भाग आहे. ओमप्रकाश सर मुद्दाम रविवार पाहून आले, देवरावशी बोलाले. देवराव खरारा करून राहिला होता. सर म्हणाले, 'खंडारे साहेब, मले सरळ सांगा. त्या वर्षी तुमची मुलगी पडली, ती घोडीनं पाडली का? क्लबात सारे तसंच म्हणतात. घोडी पाडणारी असल तर मी दुसऱ्याच्या लेकराले तिच्यावर बसवणार नाही. विषय संपला.'

मले तो माणूस आवडला. घोडी पाहिजे असून असं विचारणारे किती आहेत?

देवरावनं जमिनीकडं पाहिलं. म्हणाला, 'हो. पाडते ती.'

अन् रेवडी तिथंच उभी होती, त्याच्या खिशात तोंड घालून हरभरा शोधून राहिली होती.

मी सरायले चहा पाजला, गाडीपर्यंत गेली, म्हटलं आठ दिवस थांबा, नक्की काय ते कळवते. गाडी वळली अन् मी गोठ्यात गेली. माहा आवाज म्हणे पाटबंधाऱ्याच्या ऑफिसपर्यंत गेला. जाऊ दे ना! मी म्हटलं, 'आधी पोरीवर आळ घेतला. दवाखान्यात, साऱ्या वार्डासमोर ओरडला, खोगिराचा तंग आवळता येत नाही अन् स्पर्धा खेळाले निघाली! मी तिथंच तिच्या उशाशी उभी होती. ते लेकरू भिंतीकडं तोंड करून पडलं. आता या मुक्या जनावरावर? हिले तोंड नाही म्हणून? तू खरं कधी बोलशील रे, दोघी मेल्यावर?'

तो रेवडीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

प्राजक्ता, तू पडली त्या दिवशी काय झालं ते मले माहीत आहे. घोडीबरोबर त्यानं खोगीरही आणलं होतं. ते मी साफ करायले घेतलं, अन् मी नर्स आहे, मले जे दिसायचं ते दिसलं. त्याले ठाऊक आहे की मले ठाऊक आहे. पण या विषयावर आमी दोघांनी सहा वर्षांत एक शब्द काढला नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ, कोणाले चावायचं? आज मी तुले सांगून टाकू शकते. सांगणार नाही. त्याच्या खोट्यात मी भागीदार झाली, ते पुष्कळ झालं. खरं त्याचं त्यानं सांगावं. मी सांगितलं तर तो जन्मभर माह्या पदरामागं लपीन.

तर मी घरातून एक कोरा कागद आणला अन् पाकीट आणलं, तिकीट लावलेलं, तुहा पत्ता लिहिलेलं. त्याच्या हातात दिलं. म्हटलं, 'लिही. हे पोस्टात पडल्याशिवाय माह्या दारी यायचं नाही. हरभरा बंडू चारीन.' तो म्हणाला, 'काय लिहू?' बिचाऱ्याचा चेहरा पाहून मले रडू येऊन राहिलं होतं, पण मी आवाज बारीक केला नाही. म्हटलं, 'जनावराचा रिपोर्ट लिहीत होता ना तसा लिही. काय झालं, केव्हा झालं, कोणाच्या हातून झालं.'

कागद खिशात घालून गेला. पाहू आता.

त्याचं पत्र आलं तर ते वाच, मंग फॉर्मवर काय ते ठरव. नाही आलं तर फॉर्म फाडून टाक. मी सरायले नाही म्हणून कळवीन. ज्या घरात एक माणूस खरं सांगाले तयार नाही, त्या घरानं दुसऱ्याच्या लेकराले आपल्या घोडीवर बसवू नये. हे माहं पक्कं आहे.

आत्या


अमरावती
गुरुवार, दि. १२ डिसेंबर २०२४

चि. प्राजक्ता हीस,

जय भीम. मनूने रिपोर्टसारखे लिही असे सांगितले आहे. मला दुसरे काही लिहिता येत नाही, म्हणून तसेच लिहितो.

जनावर : घोडी, नाव रेवडी. रंग करडा, अंगावर पांढरे ठिपके. वय त्या वेळी आठ वर्षे. जनावरात दोष नाही.

घटना : दि. २० जानेवारी २०१९, क्लबचे मैदान. तिसऱ्या अडथळ्यावर उडी घेताना खोगीर फिरले. स्वार डाव्या अंगावर पडला. खांद्याजवळचे हसळीचे हाड दोन ठिकाणी मोडले. स्वारात दोष नाही.

कारण : खोगिराचा तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा) दिवाळीच्या सुमारास बकलापाशी उसवला होता. शिवणारा कारागीर आठ दिवस थांबा म्हणाला. तुझा सराव बुडेल म्हणून मी घरीच शिवला. दोरा दवाखान्यातला आणला, जखमा शिवायचा. नायलॉनचा संपला होता, म्हणून कॅटगट घेतला आणि दुहेरी घातला. हा दोरा जनावराच्या आतड्यापासून करतात. तो अंगात आपोआप विरघळतो, टाके काढावे लागत नाहीत. सत्तावीस वर्षे मी त्याने गाई-बैल शिवले, एक टाका वाया गेला नाही. तो अंगात विरघळतो हे मला पाठ होते. घोडीच्या घामातही विरघळेल हे डोक्यात आले नाही. शिवून झाल्यावर तुला म्हणालो होतो, असे टाके बाजारात कोणी घालून देणार नाही.

दोन-अडीच महिने रोज घाम मुरला. टाके वरून चांगले दिसत होते.

इथपर्यंत रिपोर्ट. पुढचं रिपोर्टात बसत नाही.

दवाखान्यात ओरडलो तेव्हा मले हे माहीत नव्हतं. तेव्हा मले खरंच वाटलं की तू तंग ढिला ठेवला. तिसऱ्या दिवशी खोगीर धुवाले घेतलं तर चामड्याले भोकं होती अन् दोरा नव्हता. कडेले उरलेला तुकडा बोटानं चोळला तर भिजलेल्या शेवईसारखा तुटला. मी तसाच उठून तुझ्याकडं आलो. सांगाले आलो होतो. खाटेजवळ उभा राहिलो. तू विचारलं, 'बाबा, मी तंग नीट आवळला नव्हता का?' मी म्हणालो, 'जाऊ दे आता.'

नाही म्हणायचं होतं. 'नाही बेटा, तू नीट आवळला होता' एवढंच म्हणायचं होतं. साऱ्या वार्डासमोर ओरडून बसलो होतो, तोंड उघडेना. मंग रोज वाटायचं, उद्या सांगू. घोडी समोर राहिली असती तर तू बरी होऊन पुन्हा बसली असती अन् पहिले तंग मागितला असता. म्हणून विकली असं सांगितलं. तू घरातून गेली. मले वाटलं होतं थोडे दिवस रागावशील.

रविवारी सरांनी विचारलं तेव्हाही मी तेच केलं. मनू बोलली ते बरोबर बोलली. काल मी क्लबात गेलो. सर होते, प्रणाली अन् विपुल, दोघांचे आईबाप होते, मैदानावरचे लोक होते. तुझ्यावर साऱ्यांसमोर ओरडलो होतो म्हणून हेही साऱ्यांसमोर सांगितलं. प्रणालीच्या बापानं मले बसाले खुर्ची दिली. ती मले नको होती, पण बसलो.

घोडी द्यायची नाही असं मी म्हणत होतो ते घोडीच्या भेवानं नाही. मले ती मैदानावर पाहवणार नव्हती. पण ते माझं झालं. घोडी चांगली आहे. तू ठरव.

माझं चुकलं बेटा. लय चुकलं.

देवराव नत्थुजी खंडारे
(तुझा बाबा)


अकोला
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

बाबा,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. बँकेला सुट्टी होती, तरी दिवसभर उघडलं नाही. रात्री वाचलं.

दोरा कोणता होता ते आता कळलं. टाके उसवले हे मला पडतानाच कळलं होतं. उडीच्या आधी पायाखाली काहीतरी सटकलं आणि खोगीर माझ्यासकट फिरलं. रेवडीने मला पाडलं नाही. ती उलट थांबली, नाहीतर मी तिच्या पायांखाली आले असते. हेही प्रणालीच्या घरच्यांना सांगा.

त्या दिवशी सकाळी मी तंग दोनदा आवळला होता. टाके पाहिले होते. तुमच्या हातचे आहेत म्हणून ओढून पाहिले नाहीत. खाटेवर मी तुम्हाला विचारलं, ते मला माहीत नव्हतं म्हणून विचारलं नाही. तुम्ही नाही म्हणावं म्हणून विचारलं. तुम्ही 'जाऊ दे' म्हणालात. घोडी विकली म्हणून मी घर सोडलं, असं सगळ्यांना सांगत आले. ते सांगायला सोपं होतं. मी त्या 'जाऊ दे'मुळे गेले.

राग अजून गेलेला नाही. आत्यावर तर जास्त आहे, कारण तिच्यावर मला कधी राग येईल असं वाटलं नव्हतं. तिची तिन्ही पत्रं मी रोज वाचते आणि रोज चिडते. डवऱ्याला जुंपलं हे वाचून आधी रडले, मग हसले. तिला सांगा, फॉर्मच्या मागची जागा पुरली नसती म्हणून काही लिहिलं नाही.

रेवडी द्यायची. फॉर्मवर सही करून पाठवते आहे.

प्रणालीला सांगा, डाव्या कानामागे हात लावायचा नाही, तिला तिथे आवडत नाही. आधी मानेवर हात ठेवावा आणि तिने वास घेईपर्यंत थांबावं. उडीच्या आधी लगाम खेचायचा नाही; मान मोकळी मिळाली की ती अंतर स्वतः मोजते. विपुलला सांगा, तिच्यावर बसल्यावर बडबड करायची नाही. तंग बांधताना ती पोट फुगवते. चार पावलं चालवून पुन्हा आवळावा लागतो. हे मला तुम्हीच शिकवलं होतं, तुम्हाला सांगायची गरज नाही.

जुना तंग वापरायचा नाही आणि क्लबचाही नको. तिच्या मापाचा नवा तंग इथल्या कारागिराकडे शिवायला टाकला आहे. माप माझ्याकडे अजून लिहिलेलं होतं. आठ दिवस लागतील म्हणाला. आठ दिवस थांबा. तोपर्यंत तिच्यावर कोणी बसायचं नाही.

आणि माझी एक अट आहे. ती फॉर्मवरही लिहिली आहे. सराव असो की स्पर्धा, रेवडीचा तंग प्रत्येक वेळी तुम्ही आवळायचा. प्रणालीने नाही, सरांनी नाही. तुम्हाला जमणार नसेल तर माझी सही रद्द समजावी.

नागपूरला मी येईन. तुम्ही आवळल्यावर ओढून पाहीन.

प्राजक्ता